आपल्या गावचा इतिहास कोण सांगणार?

बौद्ध बंधू-भगिनींनो,

अशोक विजयादशमीच्या दिवशी, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे काय घडले हे आपणांस सांगावयास नको. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर आपल्या लाखो अनुयायांना स्वतः त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूर येथे दीक्षा झाली. हा इतिहास ग्रंथांत नमूद आहे. दरवर्षी दीक्षाभूमीवर आणि गावोगावच्या विहारांत तो सांगितला जातो.

परंतु पुढे काय झाले? दीक्षा घेऊन माणसे रेल्वेने, बंडीने, पायी आपापल्या गावी परतली. त्या गावात दुसऱ्या दिवशी काय घडले? घरातले देव काढून नदीत सोडण्यासाठी पहिला हात कोणी घातला? यापुढे मेलेले ढोर ओढणार नाही, हे गावच्या पाटलाला तोंडावर जाऊन कोणी सांगितले? त्या सांगण्यापायी किती दिवस मजुरी बंद राहिली? किराण्याच्या दुकानात सामान मिळेना तेव्हा चुली कशा पेटल्या? कोणत्या गावाने ते दिवस कसे काढले? वाचकहो, आपल्या गावापुरते तरी या प्रश्नांचे उत्तर आपणांस देता येईल काय?

सरकारी नोंद पाहिली तर आकडे सापडतात. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ साली ती २७,८९,५०१ झाली. दहा वर्षांत एवढे परिवर्तन जगाच्या इतिहासात क्वचितच झाले असेल. पण हा आकडा घरोघरच्या निर्णयांनी बनला आहे. जनगणना करणाऱ्या शिक्षकासमोर ‘धर्म बौद्ध’ असे सांगणारा माणूस एका विशिष्ट गावात, विशिष्ट लोकांच्या नजरेखाली उभा होता. सवलती जातील, हे त्याला ठाऊक होते. (केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या त्या १९९० साली!) तरी त्याने तसे सांगितले. आकड्यात तो आहे, पण त्याचे नाव, त्याची भीती आणि त्याचा निर्धार आकड्यात नाही. ते फक्त गावाजवळ आहे.

आणि गावाजवळही ते फार काळ राहणार नाही. १९५६ साली वीस वर्षांचा असलेला तरुण आज नव्वदीच्या आसपास आहे. ही माणसे एकेक करून जात आहेत. आपण पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतो, त्यांच्या छायाचित्राला हार घालतो, चार शब्द बोलतो. त्यांच्याबरोबर गावाचे काय गेले, याची मात्र विचारणा करीत नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या गावातला आपला इतिहास हा पुष्कळसा अपमानाचा इतिहास आहे. तो पुढच्या पिढीस सांगावा काय? अनेक घरांत तो सांगितला जात नाही. ज्या आजोबांनी ढोरे ओढली, ज्या आजीने घरोघर शिळी भाकर मागितली, त्यांना शिकलेल्या नातवापुढे ते बोलवत नाही. नातू शहरात नोकरी करतो, त्याला या गोष्टी ऐकून वाईट वाटेल, त्याची मान खाली जाईल, असे त्यांना वाटते. हे मौन मायेपोटी आलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. दुसरीकडे काही सुशिक्षित तरुण म्हणतात की, जुने उकरून काय मिळणार? तथागतांनीच गेलेल्या काळामागे धावू नका असा उपदेश केला आहे, मग आपण मागे का पाहावे?

हा आक्षेप धम्माच्या नावाने घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तरही धम्मातूनच शोधले पाहिजे. भूतकाळामागे धावू नये याचा अर्थ त्यात गुंतून पडू नये, त्यावर शोक वा गर्व करीत बसू नये, असा आहे. ज्या ‘सति’ला अष्टांगिक मार्गात स्थान आहे तो शब्द म्हणजे संस्कृतातील ‘स्मृती’चेच पाली रूप होय. ज्याला आठवत नाही, तो जागरूक कसा राहणार? दुःखाचे कारण जाणल्याशिवाय दुःखाचा निरोध होत नाही, ही तर धम्माची पहिली शिकवण आहे. मग आपल्या दुःखाचे कारण आपण आपल्याच मुलांपासून लपवून ठेवणार काय?

आता लाजेचा विचार करू. बौद्ध वाङ्मयात ‘हिरी’ आणि ‘ओत्तप्प’ हे दोन शब्द जोडीने येतात. हिरी म्हणजे स्वतःच्या अकुशल कर्माची लाज आणि ओत्तप्प म्हणजे त्या कर्माचे भय. या दोहोंना जगाचे रक्षण करणारे धर्म म्हटले आहे. परंतु हिरी ही आपण केलेल्या वाईट कृत्याची असते. दुसऱ्याने आपणांवर लादलेल्या अन्यायाची लाज आपण बाळगावी, असे तथागतांनी कोठेही सांगितलेले नाही. ज्याने माणसाला पाणवठ्यावरून हाकलले, त्याला लाज वाटावी. जो तहानलेला परतला, त्याने ती का वाहावी? आजोबांची मान खाली जाते, कारण जुन्या व्यवस्थेने दुसऱ्याची लाज त्यांच्या डोक्यावर ठेवली आहे. ती उतरविल्याशिवाय दीक्षा पूर्ण झाली असे कसे म्हणावे?

या बाबतीत खेड्यांतील एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले, तेच लोक पिढ्यान्पिढ्या गावाचे स्मरण सांभाळीत होते. शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष काढली जाई, कारण शिवेचा दगड कोठे आहे हे त्यालाच ठाऊक असे. जुन्या मध्यप्रांतात गावातील जन्ममृत्यूची वर्दी ठाण्यावर नेऊन देण्याचे काम कोतवालाचे होते, आणि हा कोतवाल पुष्कळ गावी महार असे. आज जातीच्या दाखल्यासाठी ज्या जुन्या कोतवाल बुकाची नक्कल आपण तहसील कचेरीतून काढतो, ते बुक अशा माणसांनी दिलेल्या वर्दीवर भरले गेले आहे. साऱ्या गावाच्या पिढ्या ज्याने मोजून दिल्या, त्याच्या स्वतःच्या जीवनाची नोंद मात्र कोणी केली नाही. विदर्भातील आपले पुष्कळ पूर्वज जाडेभरडे कापड विणून पोट भरीत होते. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, नंतर इतर गिरण्या आल्या. मिलचे कापड आले तसे गावातले हातमाग बसले आणि विणणारे हात त्याच मिलमध्ये मजुरीला गेले. आपल्या गावात शेवटचा माग कोणाच्या घरी होता, हे आज किती जणांना सांगता येईल?

स्मरणाची साखळी तुटली की काय होते, याचा पुरावा शोधण्यास दूर जावे लागत नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे गाव आहे. तेथील एका उंचवट्यास लोक जगन्नाथ टेकडी म्हणत. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभाग यांनी डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले, तेव्हा टेकडीखालून दोन हजार वर्षांपूर्वीचा भव्य स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेली आहेत. विचार करा, वाचकहो! ज्यांनी दगड दिला, त्यांनी आपले नावही दिले होते. नाव दगडावर टिकले, परंतु ते वाचणारा समाज मधल्या काळात नाहीसा झाला. शतकानुशतके माणसे त्या टेकडीवर वावरली आणि आपल्या पायाखाली काय आहे हे कोणालाही ठाऊक नव्हते. म्हणजे केवळ नाव कोरून भागत नाही. ते एकाने दुसऱ्याला सांगत राहावे लागते.

हे काम आपल्यातील काही जाणत्यांनी आधीच सुरू केले आहे. नागपूर जिल्ह्यातील मोहपा या गावचे किसन फागूजी बनसोड (१८७९–१९४६) यांनी १९१० साली छापखाना काढला आणि पुढे ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ व ‘चोखामेळा’ ही पत्रे चालविली. त्यांच्या काळातले आपल्या लोकांचे बोलणे आज आपणांस कळते, ते त्यांनी छापून ठेवले म्हणून. वसंत मून यांनी १९८७ साली बाबासाहेबांच्या आधीच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील चळवळीचा इतिहास ग्रंथरूपाने दिला आणि १९९५ साली ‘वस्ती’ या आत्मकथनात नागपूरच्या ज्या महारपुऱ्यात ते वाढले, तेथील माणसे नावानिशी उभी केली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली होती, हे सांगायला आपली भाषणे विसरत होती. ते त्या स्त्रियांनी आठवून दिले.

नागपूरजवळच्या चिचोलीचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. दीक्षा समारंभाची धुरा वाहणारे वामनराव गोडबोले यांनी तेथे शांतिवन उभे केले. जमीन गोपिकाबाई ठाकरे यांनी दान दिली. बाबासाहेबांच्या सेवेत अखेरपर्यंत असलेले नानकचंद रत्तू यांच्याकडून मिळालेल्या बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू, त्यांचे कपडे, त्यांचा टंकलेखन यंत्र, तेथे जपून ठेवण्यात आल्या. ज्या वस्तू दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात शोभल्या असत्या, त्या एका खेड्याच्या शिवारात आहेत. एकाची जमीन, दुसऱ्याची धडपड आणि तिसऱ्याचा विश्वास मिळून हे घडले. मोठ्या माणसाच्या वस्तूंसाठी जे होऊ शकते, ते लहान माणसांच्या आठवणींसाठी का होऊ नये?

परंतु येथे सावधही राहिले पाहिजे. आठवण सांगणे आणि सत्य सांगणे या दोन गोष्टी नेहमी एक असतातच असे नाही. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी हेच बजावले की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका. हा नियम दुसऱ्यांच्या पुराणांना लावायचा आणि आपल्या आवडत्या कथांना लावायचा नाही, असे चालणार नाही. रामटेकजवळच्या मनसर येथे १९९८ पासून भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या प्रेरणेने उत्खनन झाले. त्या भूमीचा संबंध आचार्य नागार्जुनांशी आहे, अशी आपल्यापैकी अनेकांची श्रद्धा आहे. तेथील अवशेषांचा मोठा भाग वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळचा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. असा वाद घोषणांनी सुटत नसतो, पुराव्याने सुटतो. पुरावा आपल्या इच्छेविरुद्ध गेला, तरी तो मान्य करण्याचे बळ ज्याच्या अंगी आहे, तोच कालामांचा खरा वारस.

मग गावाचा इतिहास कसा जपावा? याची रीत आपणांस परक्याकडून घ्यावयाची गरज नाही. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेत पाचशे भिक्खू जमले. महाकाश्यपांनी उपालीला विनयाविषयी आणि आनंदाला सुत्तांविषयी प्रश्न विचारले. हे कोठे सांगितले गेले? कोणाला उद्देशून? कोणत्या प्रसंगी? आनंदाने स्थळ सांगितले, व्यक्ती सांगितली, प्रसंग सांगितला. म्हणूनच बहुतेक सुत्तांच्या आरंभी, हे मी ऐकले आहे, अशी ग्वाही असते आणि लगेच त्या वेळी भगवान कोठे होते ते येते. मग सर्वांनी मिळून ते म्हटले. एकाची आठवण अशी सर्वांसमोर तपासून सर्वांची झाली.

त्या संगीतीची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत, ज्यांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. चुल्लवग्गातील वृत्तांतात आनंदावर ठेवलेले दोषही नोंदलेले आहेत. लहानसहान नियम कोणते हे त्याने तथागतांना विचारून ठेवले नाही, असा एक आक्षेप आहे. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून त्याने खटपट केली, हाही त्या थेरांनी दोषच ठरविला. यात आपणांस काही दोष दिसत नाही, परंतु संघावरील श्रद्धेमुळे आपण तो कबूल करतो, असे आनंदाने उत्तर दिले, तेही तेथे आहे. दुसरे असे की, पुराण नावाचे एक थेर नंतर आले. संगीतीचे काम चांगले झाले, पण मी जसे प्रत्यक्ष ऐकले तसेच धारण करीन, असे त्यांनी सांगितले. हा मतभेद संघाने पुसून टाकला नाही. दोष आणि मतभेद दोन्ही ठेवले, म्हणून तर आज अडीच हजार वर्षांनी आपण त्या वृत्तांतावर विश्वास ठेवू शकतो.

बंधू-भगिनींनो, ही कसोटी आपल्या गावाच्या इतिहासाला लावून पाहा. दीक्षेच्या वेळी आपल्याच वस्तीतील काही घरे मागे राहिली असतील. पोटाची आग होती म्हणून कोणी जुने काम पुढे काही वर्षे करीत राहिला असेल. त्याला हिणवून त्याची गोष्ट सांगायची की समजून घेऊन सांगायची? साडेबारा पोटजातींचा भेद दीक्षेने संपला, असे आपण म्हणतो. लग्न जुळविताना तो आपल्या गावात खरोखर कधी संपला? की अजून कुजबुजीने विचारला जातो? एका गावात दोन विहार का झाले? हेही सांगावे लागेल. अन्यायाचा इतिहास सांगताना ज्या बिगरबौद्ध शेजाऱ्याने रात्री गुपचूप धान्य आणून दिले, त्याचे नाव गाळणे हा असत्याचाच प्रकार आहे. ज्याने अन्याय केला, त्याचे कृत्य स्पष्ट सांगावे, परंतु त्याच्या नातवाला त्यासाठी शत्रू मानू नये. वैराने वैर शमत नाही हे आपण विहारात म्हणतो. गावाचा इतिहास सांगताना ते पाळता आले पाहिजे. आणि एखाद्या वृद्ध मातेला आपल्यावरील एखादा प्रसंग चारचौघांत यावा असे वाटत नसेल, तर तिच्या इच्छेचा मान राखावा. आठवण तिची आहे. ती हिसकावून घेण्याचा अधिकार इतिहासाच्या नावानेही कोणाला नाही.

हे काम कठीण नाही. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्याच तीन महिन्यांत आठवड्यातून एक संध्याकाळ गावाच्या इतिहासाला द्यावी. एका ज्येष्ठ स्त्रीने वा पुरुषाने सांगावे. इतरांनी संगीतीप्रमाणे विचारावे : हे आपण पाहिले की ऐकले? कोठे? कोण कोण होते? गावातील एखाद्या शिकत्या मुलीने ते वहीत उतरवावे. आज घरोघरी मोबाइल आहे, त्यावर आवाज नोंदवावा, कारण वऱ्हाडी-नागपुरी बोलीतला आजीचा शब्द कागदावर पूर्ण उतरत नाही. पुढच्या पौर्णिमेला ते सर्वांसमोर वाचावे. ज्याला मान्य नसेल त्याचे म्हणणे खाली लिहावे, पुसू मात्र नये.

जोडीला कागद शोधावेत. शाळेची दाखल-खारीज नोंदवही पाहावी : आपल्या वस्तीतून पहिला मुलगा आणि पहिली मुलगी कोणत्या साली शाळेत गेली? तहसिलात गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहावे, त्यांत गावाच्या सामायिक हक्कांची आणि रूढींची नोंद असते. मसणवट कोठे, पाणवठा कोणता, वाट कोणाची, हे त्यावरून ताडून पाहता येते. विहाराची पहिली वर्गणी ज्या वहीत लिहिली, ती वही शोधावी. पवनीच्या दगडावर जसे दात्यांचे नाव आहे, तसे त्या वहीत चार आणे, आठ आणे देणाऱ्या बायांचे नाव असेल. वहीच्या दोन प्रती कराव्यात. एक विहारात ठेवावी, एक गावच्या शाळेत द्यावी. गावचा इतिहास साऱ्या गावाने वाचावा. तो केवळ आपल्यापुरता कुलुपात ठेवला, तर गावकूस आपणच पुन्हा बांधल्यासारखे होईल.

त्रिपिटकही प्रथम तोंडपाठच होते. सिंहलद्वीपात राजा वट्टगामणीच्या काळी, दुष्काळ आणि युद्ध यांमुळे पाठ जाणणारे भिक्खू नाहीसे होऊ लागले, तेव्हा ते ग्रंथबद्ध करण्यात आले, अशी परंपरा आहे. जाणणारे जात आहेत हे ज्यांना वेळीच दिसले, त्यांनी धम्म वाचविला. आपल्या गावातील जाणणारेही जात आहेत. येत्या वर्षावासाची वाट न पाहता, या पौर्णिमेलाच आपल्या शेजारच्या वृद्ध मातेजवळ जाऊन बसा, आणि दीक्षा घेऊन ती गावी परतली त्या दिवशी काय झाले, एवढेच तिला विचारा.

जयभीम!